ध्रुवीकरण गावात, एकमत मंत्रालयात

२०२५ च्या ऑगस्टअखेरच्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. २९ ऑगस्टला मराठवाड्यातील हजारो तरुण श्री. मनोज जरांगे पाटील यांच्या मागोमाग मुंबईच्या आझाद मैदानावर येऊन बसले. मागणी कुणबी दाखल्याची, म्हणजेच ओबीसी आरक्षणातील प्रवेशाची होती. ही मुले बहुतांशी कापूस, तूर, सोयाबीन पिकवणाऱ्या घरांतली. आदल्याच दिवशी, २८ ऑगस्टला, केंद्र सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्काची माफी ३० सप्टेंबरवरून ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. मराठवाड्यातील कापूस दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणीला येतो, आणि सावकाराचे वा बी-बियाण्याच्या दुकानदाराचे देणे डोक्यावर असलेला शेतकरी तो डिसेंबरच्या आत विकून मोकळा होतो. माफी बरोबर त्याच्या हंगामावर येऊन बसली. पण त्या आठवड्यात मुंबईच्या रस्त्यांवर चर्चा होती ती दाखल्याची. आणि दाखल्याच्या मागणीने धास्तावलेल्या ओबीसी कार्यकर्त्यांच्या तोंडीही दाखलाच होता. कापूस कोणाच्याच अग्रभागी नव्हता. वंजाऱ्याच्या वा माळ्याच्या कापसाला व्यापारी काही निराळा भाव देत नाही.

'ध्रुवीकरण' या शब्दाला सध्या मोठी चलती आहे. अग्रलेखांतून, परिसंवादांतून, निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या भाषणांतून एकच विलाप ऐकू येतो : समाज दुभंगला, संवाद संपला, आता सलोखा हवा. विलाप करणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्यांचे निदान चुकलेले आहे, आणि चुकलेल्या निदानातून निघालेले औषध रोग्याला गुंगी आणण्यापलीकडे काही करीत नाही. लोकशाहीला भांडणाचे वावडे नाही. कूळ आणि जमीनदार, कामगार आणि मालक, कर भरणारा आणि कर चुकवणारा यांच्यातील भांडण रक्तपात न होता, उघड्यावर आणि मतांच्या बळावर लढता यावे, यासाठीच तर ती माणसाने शोधून काढली. ज्या अमेरिकेतील ध्रुवीकरणाचे दाखले आज ऊठसूट दिले जातात, तेथील राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या समितीने १९५० साली नेमकी उलट तक्रार केली होती : दोन्ही पक्ष इतके एकसारखे झाले आहेत की मतदाराला खरी निवड अशी उरतच नाही. पुढे त्या पक्षांत आकाशपाताळाचे अंतर पडले. आणि तरीही संघराज्याचे किमान वेतन २००९ नंतर दीड दशक ताशी सव्वासात डॉलरवर खिळून राहिले. तेव्हा मतभेद किती तीव्र आहेत याला फारसे महत्त्व नाही. मतभेदाची रेघ कोठून गेली, ती कोणी ओढली आणि तिच्याखाली कोणता दुसरा मतभेद पुसला गेला, हे पाहावे लागते. मराठवाड्यात ही रेघ गावाच्या मधोमध गेली आहे. मंत्रालयात मात्र ती शोधूनही सापडत नाही.

विधिमंडळाचे कामकाज उघडून पाहावे. २९ नोव्हेंबर २०१८ रोजी मराठा समाजाला १६ टक्के आरक्षण देणारे विधेयक दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली ते शिक्षणात १२ व नोकऱ्यांत १३ टक्क्यांवर आणून वैध ठरवले. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दच केले. २० फेब्रुवारी २०२४ रोजी १० टक्क्यांचे नवे विधेयक आले. तेही एकमताने. ज्या प्रश्नावरून गावातील सप्त्याची पंगत मोडते, त्या प्रश्नावर सभागृहात विरोधाचा एक हात वर होत नाही. याला कोणाला सामंजस्य म्हणायचे असेल तर त्याने खुशाल म्हणावे. खरा प्रकार असा की, सत्ताधारी असोत वा विरोधक, कोणालाही या प्रश्नावरील आपले मत कामकाजाच्या नोंदीत उमटू द्यायचे नाही. मत मांडायचे ते सभेत, आणि तेही समोर कोण बसले आहे हे पाहून.

सरकारची तऱ्हा तर याहून मौजेची. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील अंबड येथे ओबीसींच्या एल्गार सभेत श्री. छगन भुजबळ यांनी मराठ्यांच्या ओबीसीकरणाविरुद्ध रणशिंग फुंकले, तेव्हा ते राज्याचे मंत्री होते. २७ जानेवारी २०२४ रोजी वाशी येथे त्याच मंत्रिमंडळाचे मुख्यमंत्री श्री. एकनाथ शिंदे यांनी 'सगेसोयऱ्यां'च्या अधिसूचनेचा मसुदा श्री. जरांगे पाटील यांच्या हाती ठेवून त्यांचे उपोषण सोडवले. २०२५ साली याचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती निघाली. २ सप्टेंबरला श्री. राधाकृष्ण विखे पाटील यांच्या उपसमितीच्या मध्यस्थीने हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला, आणि दुसऱ्याच दिवशी ओबीसींसाठी श्री. चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी उपसमिती नेमली गेली. दोन समाजांसाठी दोन समित्या. सरकार एक, अध्यक्षांचा पक्षही एक. दोन्ही ध्रुव एकाच हातात असल्यावर मधली पृथ्वी कशी फिरवायची हे त्या हाताने ठरवायचे. मंत्रिमंडळाची सामुदायिक जबाबदारी नावाची वस्तू संसदीय लोकशाहीत असते, याचा या राज्याला विसर पडला असावा.

आता भांडण ज्या वस्तूवरून आहे ती वस्तू मुळात किती शिल्लक आहे, ते पाहिले पाहिजे. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि महाराष्ट्र पेटला. त्यानंतर पाच दिवसांनी, ६ सप्टेंबरला, राज्य शासनाने एक निर्णय काढला : नऊ खासगी संस्थांनी सरकारी व निमसरकारी कार्यालयांना कंत्राटी मनुष्यबळ पुरवावे. अशा नोकरीला ना आरक्षण, ना बढती, ना निवृत्तिवेतन. चोहोकडून ओरड झाल्यावर २० ऑक्टोबरला तो निर्णय मागे घेण्यात आला, हे खरे. परंतु ज्या सप्टेंबरमध्ये दोन समाज सरकारी नोकरीतील वाट्यासाठी एकमेकांच्या उरावर बसले होते, त्याच सप्टेंबरमध्ये ती नोकरी ठेकेदारांच्या हवाली करण्याची व्यवस्था कागदावर पुरी झालेली होती. लाठीमाराच्या बातमीला पहिले पान मिळाले. नऊ संस्थांच्या यादीला कोठे जागा मिळाली असेल ती जुनी वृत्तपत्रे चाळणाऱ्याने शोधावी.

उरलेल्या जागांची अवस्था काय? २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या. अर्ज दहा लाखांवर आले. खुल्या वर्गासाठी शुल्क एक हजार रुपये, मागासवर्गीयांसाठी नऊशे. बेकारीचाही धंदा होतो तो असा. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज होते, म्हणजे एका जागेमागे शंभर तरुण. त्या शंभरांत कोणाची जात कोणत्या रकान्यात गेली तरी नव्व्याण्णव जण रिकाम्या हातानेच घरी येणार, एवढा त्रैराशिकाचा हिशेब शाळकरी पोरालाही येतो. सर्वांनी मिळून विचारायचा प्रश्न असा की राज्याच्या तिजोरीतून वेतन मिळणाऱ्या मंजूर पदांपैकी लाखो पदे वर्षानुवर्षे रिकामी का? तो कोणी विचारीत नाही, कारण प्रत्येकाला पलीकडच्याने आपली जागा खाल्ली असे वाटावे, अशी तजवीज झालेली आहे.

यात एक जुना डावही आहे. जनता राजवटीने नेमलेल्या मंडल आयोगाने १९८० च्या अखेरीस अहवाल दिला. तो दहा वर्षे फडताळात पडून राहिला. ७ ऑगस्ट १९९० रोजी विश्वनाथ प्रताप सिंह यांनी केंद्राच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना २७ टक्के वाटा जाहीर केला, आणि १९९१ च्या जुलैपासून सरकारने उद्योगधंद्यांतून व सेवांतून अंग काढून घेण्याचे नवे आर्थिक धोरण सुरू झाले. पंक्तीला पाट मांडले गेले आणि वर्षाच्या आत स्वयंपाकघराला कुलूप लागले. मागासवर्गीयांना आलेला वाटा अपुरा होता तो या अर्थाने. आणि ज्यांना तो मिळाला नाही त्यांना तो प्रचंड भासला, कारण बाहेरच्या बाजारातही त्यांच्यासाठी काही उरले नव्हते.

या भांडणाचे अंतरंग आणखी बोलके आहे. राज्याच्या नोकऱ्यांतील जुन्या ५२ टक्के आरक्षणात अनुसूचित जातींना १३, अनुसूचित जमातींना ७, विमुक्त जाती व भटक्या जमातींना ११, विशेष मागास प्रवर्गाला २ आणि इतर मागासवर्गाला १९ टक्के वाटा आहे. कुणबी दाखल्याने दार उघडते ते या १९ टक्क्यांचे. वंजारी समाज त्यात नाहीच. तो भटक्या जमातींच्या 'ड' गटात असून त्याचे २ टक्के वेगळे आहेत. धनगर 'क' गटात, साडेतीन टक्क्यांवर. म्हणजे बीड जिल्ह्यातील ज्या वंजारी तरुणाच्या मनात शेजारच्या मराठ्याविषयी विष कालवले गेले, त्याची राज्यातील नोकरी कुणबी दाखल्याने तसूभरही हलत नाही. केंद्राच्या यादीत त्याला स्पर्धा वाढेल. माळी, तेली, सुतार यांना तर राज्यातही वाढेल, आणि त्यांची भीती खोटी नाही. पण या सगळ्यांना एकाच खळ्यात आणून झुंजवले जाते ते स्थानिक स्वराज्य संस्थांत. तेथे नागरिकांचा मागास प्रवर्ग असा २७ टक्क्यांचा एकच सामाईक गट आहे. कुणबी दाखल्यावर उभा राहिलेला उमेदवार तेथे वंजाऱ्याची, धनगराची, माळ्याची जागा थेट घेऊ शकतो. नोकरीसाठी रडणाऱ्या पोरांच्या भांडणात पुढाऱ्यांना एवढा रस का, याचे उत्तर येथे सापडते. लाठ्या पोरांनी खायच्या. सभापतीची खुर्ची पुढाऱ्याच्या पुतण्याची.

आणि त्या खुर्च्यांचे तरी काय झाले? ४ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ओबीसींच्या राजकीय आरक्षणासाठी आकडेवारीची अट पुढे ठेवली. आकडेवारी गोळा करणे हे सरकारचे काम, ते रेंगाळले. मार्च २०२२ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तेथे प्रशासक बसले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडगा उगारला तेव्हा कोठे निवडणुकांची हालचाल सुरू झाली. तीन वर्षांहून अधिक काळ गावच्या रस्त्याचा, शाळेच्या छपराचा, प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधाचा निर्णय एकही निवडून आलेला प्रतिनिधी नसताना होत राहिला. यशवंतराव चव्हाणांच्या काळात, १९६२ साली, जिल्हा परिषदा सुरू करून ज्या राज्याने देशात नाव मिळवले, त्या राज्यात हे घडले. यासाठी लाखांचा एकही मोर्चा निघाला नाही. आपापल्या जागा राखण्यासाठी दोन्ही बाजू सज्ज होत्या. जागाच नाहीशा झाल्या आहेत याची दाद कोणी घेतली नाही.

येथवर वाचून, दोन्ही समाज सारखेच फसले आणि दोघांच्याही मागण्या सारख्याच फोल, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा होईल. तसा तटस्थपणा समाजवादी पक्षाला शोभत नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला, तेव्हा याच भूमीत दलितांची घरे जाळली गेली आणि नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. त्या सोळा वर्षांत समाज दुभंगलेला होताच. पण एक बाजू न्यायाची होती आणि एक अन्यायाची, आणि त्या वेळी केलेला सलोख्याचा उपदेश हा जाळणाऱ्याला दिलेला दिलासा होता. आजच्या प्रश्नातही पक्षाला भूमिका घ्यावीच लागेल, आणि ती ज्या गावात कडू लागेल त्या गावात जाऊन सांगावी लागेल. आरक्षण ही दारिद्र्यनिवारणाची योजना नव्हे. शतकानुशतके ज्यांना चावडीच्या पायरीबाहेर ठेवले त्यांना चावडीत आणण्याचा तो मार्ग आहे. चावडी ज्यांची होती त्यांना त्या दारातून पुन्हा आत घेणे म्हणजे दार बंद करणे होय. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली मराठा समाजाच्या प्रतिनिधित्वाचे आकडे तपासून ते पुरेसे असल्याचे म्हटले, त्यालाही सहज बाजूला सारता येत नाही.

मात्र एवढे बोलून जो थांबतो तो अर्धेच बोलतो. दोन एकर कोरडवाहू जमीन, अंगावर पीककर्ज, मुलगी लग्नाची आणि मुलगा पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेच्या तिसऱ्या प्रयत्नात, अशा मराठा कुटुंबाला पूर्वजांच्या पाटीलकीचा हिशेब सांगणे क्रूरपणाचे आहे. त्याला सांगायला हवे ते हे की, त्याला लुबाडणारा माळी नाही आणि वंजारीही नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. पुढे त्याच वाटेने वैद्यकीयपासून अध्यापक विद्यालयांपर्यंत शिक्षणाचा बाजार मांडला गेला. त्या बाजारातील कित्येक गाळ्यांचे मालक कोण आहेत? साखर कारखान्यांचे, जिल्हा बँकांचे, दूध संघांचे अध्यक्ष कोण आहेत? फी भरता न आल्याने ज्या मराठा मुलाचा प्रवेश हुकतो, त्या महाविद्यालयाच्या कमानीवर बहुधा त्याच्याच जातीच्या थोर पुढाऱ्याचे नाव कोरलेले असते. तो पुढारी मोर्चाला पाण्याच्या बाटल्या पाठवतो. फी कमी करीत नाही.

ओबीसी नेतृत्वालाही सूट देण्याचे कारण नाही. 'आरक्षण बचाव' एवढ्या एका घोषणेवर त्यांनी सारे राजकारण उभे केले. अनुशेषाची पदे भरा, कंत्राटीकरण थांबवा, खासगी क्षेत्रात वाटा द्या, या मागण्या ठरावांच्या तळाशी असतात. ओबीसींत नाभिक, कुंभार, परीट, वडार यांच्या वाट्याला आजवर नेमके काय आले, हा प्रश्न काढला तर तो फुटीचा डाव ठरवला जातो. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने जनगणनेत जातीची नोंद घेण्याचे मान्य केले; १९३१ नंतर प्रथमच असे आकडे हाती येण्याची शक्यता त्यामुळे निर्माण झाली. त्या आकड्यांनी काही मराठ्यांचे भ्रम फुटतील तसे काही ओबीसी नेत्यांचेही फुटतील. दोघांनी ते आतापासून पचवायची तयारी ठेवावी.

लोकशाहीचे नुकसान कोठे होते ते मतदानाच्या दिवशी कळते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बीड मतदारसंघात श्री. बजरंग सोनवणे यांनी श्रीमती पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. त्या प्रचारात सोयाबीनचा भाव, पाणी, स्थलांतर हे विषय तोंडी लावण्यापुरते होते. मोजदाद झाली ती जातीची. मत जातीची शिरगणती झाले की सरकारला कशाचाच जाब द्यावा लागत नाही. पाच वर्षे काय केले हे कोणी विचारीत नाही, कारण काहीही केले असले वा नसले तरी ठरलेली मते ठरलेल्या बाजूलाच पडणार असतात. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने सोयाबीनला क्विंटलमागे ६,००० रुपयांचे आश्वासन दिले. त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात सोयाबीन त्याहूनही कित्येक शेकड्यांनी खाली विकले जात होते. महायुतीला २८८ पैकी २३० च्या वर जागा मिळाल्या. पुढल्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला. सहा हजारांचे काय झाले, हे विचारायला मराठा आणि ओबीसी शेतकरी एका बैलगाडीत बसून तहसील कचेरीवर गेले असते तर त्यांना उत्तर देणे भाग पडले असते.

गुप्त मतदानाचीही अशीच वासलात लागली. यंत्रांतील मते केंद्रनिहाय मोजली जातात आणि तो तक्ता उमेदवारांच्या हाती पडतो. सातशे-आठशे मतदारांच्या केंद्रात कोणत्या वस्तीने काय केले, हे निकालाच्या संध्याकाळी पारावर ठाऊक झालेले असते. लोकसभेच्या निकालानंतर बीड जिल्ह्यातून एकमेकांच्या दुकानांतून माल न घेण्याच्या आणाभाकांच्या बातम्या आल्या, त्यामागे हा तक्ताही आहे. मतपत्रिकांच्या काळी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रांसाठीही टोटलायझर नावाचे उपकरण आहे. ते अनेक केंद्रांची मते एकत्र करून बेरीज तेवढी दाखवते. निवडणूक आयोगाने २००८ साली ते सुचवले, विधी आयोगाने २०१५ च्या २५५व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला, केंद्र सरकारने नकार दिला. कोणत्या गावाने मत दिले नाही हे सत्ताधाऱ्याला कळावे, ही त्या नकारामागील इच्छा समजायला फार बुद्धी लागत नाही. सलोखा परिषदा भरवणाऱ्यांनी या एका यंत्रासाठी जरी आग्रह धरला असता, तरी शंभर व्याख्यानांहून अधिक काम झाले असते.

विष किती खोल गेले आहे? २०२५ साली बीडच्या पोलीस दलाला आपल्या लोकांच्या टेबलांवरील पाट्यांवरून आडनावे काढावी लागली. तक्रार घेऊन आलेला माणूस आधी आडनाव वाचतो आणि मग न्याय मिळेल की नाही ते ठरवतो, अशी वेळ आली होती. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले म्हणून ही हत्या झाली, असे तपास यंत्रणेच्या आरोपपत्राचे म्हणणे आहे. राख, वाळू, पवनचक्क्या, ठेके यांतून उभी राहिलेली आणि राजकीय आश्रयावर पोसलेली खंडणीची अर्थव्यवस्था हा त्या हत्येमागचा खरा विषय. पण काही दिवसांतच तिची चर्चा मराठा विरुद्ध वंजारी अशी होऊ लागली. यात सुटका होते ती खंडणीच्या व्यवस्थेची. कारण तिच्या हिशेबवहीत दोन्ही जातींची नावे असतात.

उलट उदाहरणही याच जिल्ह्यातले आहे. बीडमधून दरसाल लाखो माणसे ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात; माणसांची मोजणी हत्यारावरून होते. त्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, दलित आहेत आणि मोठ्या संख्येने मराठाही आहेत. मुकादमाची उचल सर्वांच्या अंगावर सारखीच. २०१९ साली शासनाच्या समितीने ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या आढळल्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, दंड होऊ नये, हे त्यामागील एक कारण म्हणून पुढे आले. २०२३ च्या हिवाळ्यात, म्हणजे अंतरवाली आणि अंबडच्या सभांनी जिल्हा तापलेला असतानाच, ऊसतोड कामगारांच्या संघटनांनी 'कोयता बंद'चा इशारा दिला. जानेवारी २०२४ मध्ये श्री. शरद पवार आणि श्रीमती पंकजा मुंडे यांच्या लवादापुढे तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली; टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. वाढ अपुरी होती, हे खरे. पण त्या वर्षीच्या सर्व मोर्चांत, उपोषणांत आणि एल्गारांत मराठा आणि वंजारी या दोघांच्याही हाती रोख रक्कम पडली ती फक्त येथे. येथे संघर्षाची रेघ फडाच्या बांधावर होती आणि पलीकडे साखर संघ बसला होता.

२ ऑक्टोबर २०२५ चा दसराही आठवावा. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातील शेते मातीसकट वाहून गेली होती. त्या दसऱ्याला बीड जिल्ह्यात दोन मेळावे झाले, नारायणगडावर श्री. जरांगे पाटील यांचा आणि सावरगावला श्रीमती मुंडे यांचा. पीक गेलेला शेतकरी दोन्हीकडे मांडी घालून बसलेला होता. पक्षाचे कार्यकर्तेही, जे थोडे त्या भागात उरले आहेत, या ना त्या गडावर होते असे म्हणतात. तिसरा मेळावा, पंचनाम्याच्या आणि कर्जमाफीच्या मागणीचा, घ्यावा असे कोणाला सुचले नाही, किंवा सुचूनही कोणी पुढे झाले नाही. जिल्हा शाखांतून जातवार गट पडले आहेत, हे वरिष्ठांना ठाऊक आहे. राज्य कार्यकारिणीने जातनिहाय जनगणनेचा ठराव करायचा, आणि मराठा बहुसंख्य तालुक्यात तो वाचायचाच नाही. ओबीसींच्या सभेत मंडलचे श्रेय घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी मराठ्यांच्या उपोषणाच्या मंडपात पाठिंब्याचे पत्र देऊन यायचे. मंत्रिमंडळाने दोन उपसमित्या नेमल्या म्हणून त्याला हसायचे असेल, तर पक्षाच्या वक्त्यांनी आधी खिशातील दोन भाषणांपैकी एक फाडून टाकावे. अंबड तालुक्यात जे बोलायचे तेच परळीत बोलायचे, शब्द न बदलता, असा आदेश कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत निघणार आहे काय?